थेरपीच्या सेशन नोट्स कशा लिहायच्या: काय टाकायचं, काय गाळायचं आणि आपण नसलो तर त्यांचं काय

मागे एका सहकारी मैत्रिणीचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि तिचे सहा क्लायंट तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले, अर्थात त्यांना विचारून. पहिल्या सेशनच्या आदल्या रात्री मी फाइल उघडली. चौदाव्या सेशनची नोट अशी होती: "छान सेशन झालं. आईबद्दल बरंच बोलली. रडली. पुढच्या वेळी कंटिन्यू करू." बास. आता कंटिन्यू म्हणजे काय कंटिन्यू, आईचा विषय की रडणं, काही कळेना. मैत्रीण थेरपिस्ट म्हणून माझ्यापेक्षा सरस आहे हे मी आजही म्हणेन, पण ती चौदाच्या चौदा सेशन्स तिच्या डोक्यात होती आणि ते डोकं त्या दिवशी भुलीखाली होतं.

मग चिडून स्वतःच्या फाइल्स उघडल्या, तर तिथे पण तेच. तेव्हापासून नोट लिहून झाली की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, की उद्या माझ्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं तर ह्या कागदावरून त्याला सेशन पुढे नेता येईल का? नोट्सचे बाकीचे वाचक पण असतातच, स्वतः क्लायंट, सुपरव्हायझर (आपल्या कामावर सल्ला देणारा अनुभवी थेरपिस्ट), कधीमधी वकील, पण खुर्चीतल्या त्या माणसासाठी नीट लिहिलं की बाकीच्यांचं बरंचसं आपोआप सुटतं. खाली मी जसं करते तसं लिहिते. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, तो आपापला बघून घ्यायचा.

आधी दोन वह्या वेगळ्या करा

हे पहिलं, कारण निम्मा गोंधळ इथेच असतो. एक असते प्रोग्रेस नोट, म्हणजे अधिकृत रेकॉर्ड. कधी भेटलो, किती वेळ, काय तक्रार, काय केलं, काय ठरलं. दुसरी असते आपली प्रोसेस नोट, म्हणजे आपल्याला काय वाटलं, क्लायंट बोलत असताना मला माझा मामाच का आठवला, सुपरव्हिजनला काय विचारायचंय, वगैरे. ह्या दोन्ही एकाच फाइलमधे कालवल्या की पुढे कोणी फाइल मागितली तर मामासकट द्यावी लागते.

अमेरिकेतल्या हिपा ह्या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या नियमांमधे अशा वेगळ्या ठेवलेल्या नोट्सना जास्तीचं संरक्षण आहे, पण तिथेही सेशनची सुरू-बंद वेळ, औषधं, टेस्टचे निकाल, निदान, ट्रीटमेंट प्लॅन, प्रगती ह्या गोष्टी "माझ्या खाजगी नोट्स आहेत" म्हणून त्याखाली दडवता येत नाहीत, आणि वेगळं संरक्षण म्हणजे खरोखर वेगळी ठेवलेली वही, त्याच फाइलमधलं वेगळं पान चालत नाही. सगळीकडे असा नियम नाहीये. म्हणून मी प्रोसेस वहीसुद्धा कोणाच्या तरी हातात पडू शकते असं धरूनच लिहिते, त्यात नाव नसतं, आणि सुपरव्हिजन झालं की ती पानं ठरलेल्या दिवशी फाडते. ठरलेल्या दिवशी हे महत्त्वाचं, लफडं झाल्यावर फाडायची नाहीत, त्याबद्दल पुढे येतंच.

कधी लिहायचं

त्याच दिवशी. शक्यतो पुढचा क्लायंट आत यायच्या आधी. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउसने १८८५ मधे स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा उतार सुरुवातीलाच सगळ्यात तीव्र असतो, आणि आपण तर दिवसाला पाच-सहा जणांच्या गोष्टी ऐकतो, म्हणजे नुसतं विसरणं नाही, सरमिसळ पण होते. एकीच्या नवऱ्याचा राग दुसरीच्या नवऱ्याला चिकटतो. मी एकदा चक्क भलत्याच क्लायंटला विचारलंय "मग बहिणीशी बोलणं झालं का?" आणि तिला बहीणच नव्हती.

त्यामुळे दोन सेशन्सच्या मधे १० मिनिटं मोकळी ठेवायचीच. ती १० मिनिटं सेशन लांबवण्यासाठी वापरायची सवय लागली की संध्याकाळी सहा नोट्स थकलेल्या डोक्याने लिहाव्या लागतात आणि त्या सगळ्या सारख्याच दिसतात.

सेशन चालू असताना लिहावं का? फ्रॉइडने १९१२ मधे नको म्हटलं होतं, कारण लिहायला घेतलं की आपण काय महत्त्वाचं ते आधीच निवडायला लागतो आणि ऐकणं बाजूला राहतं. मला आणखी एक गोष्ट दिसलीये, क्लायंट पेनाकडे बघत असतो. कुठल्या वाक्याला पेन हललं हे त्याला बरोबर कळतं आणि मग तो ती वाक्यं जास्त द्यायला लागतो, किंवा एकदम गप्प होतो. मी चार-पाच शब्द लिहिते फक्त, आणि पहिल्याच भेटीत सांगून टाकते की मी अधूनमधून शब्द टिपते, बघावंसं वाटलं तर वही बघू शकता. आतापर्यंत फार थोड्यांनी बघितलीये पण सांगितल्यावर खांदे खाली येतात हे नक्की.

साचा कुठलाही घ्या, पण घ्या

सोप (SOAP) हा चार कप्प्यांचा साचा बहुतेकांनी शिकलेला असतो: क्लायंटने सांगितलेलं, आपण पाहिलेलं, आपलं मत, पुढचा प्लॅन. तो मुळात मेडिसिनमधून आलाय, लॉरेन्स वीड ह्या डॉक्टरने १९६० च्या दशकात रेकॉर्ड प्रॉब्लेमप्रमाणे लावायची जी पद्धत मांडली त्यातून. थेरपीत पहिले दोन कप्पे कधीकधी जबरदस्तीने वेगळे करावे लागतात म्हणून काहीजण डॅप (DAP) वापरतात, म्हणजे माहिती, मत, प्लॅन. मी डॅपवाली. पण ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, साच्याचं काम एवढंच की थकलेल्या दिवशीसुद्धा एखादा कप्पा रिकामा राहिला की तो डोळ्यात खुपावा.

खरं काम वाक्यांमधे आहे. ती "छान सेशन झालं" वाली नोट मी लिहिली असती तर कशी, ते दाखवते (तपशील अर्थात बनवलेले आहेत; पीएचक्यू-९ म्हणजे नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली):

"सेशन १४. क्लायंट १० मि. उशिरा, ४० मि. भेट. गेल्या वेळी ठरलेलं रोजचं २० मि. चालणं ७ पैकी २ दिवस झालं, अडथळा: 'रात्री तीनपर्यंत झोपच नाही.' पीएचक्यू-९ स्कोअर १६, महिन्यापूर्वी १३, प्रश्न ९ ला ०. आईच्या फोनबद्दल बोलताना आवाज बारीक झाला, दोनदा विषय बदलला, नंतर रडली, साधारण ५ मि. म्हणाली, 'मी चिडले तर तीच आजारी पडते.' माझा अंदाज: राग दाखवला की कोणाला तरी इजा होते असा समज असावा, अजून तपासायचंय. केलं: झोपेची डायरी, कालची रात्र इथेच बसून भरून दाखवली. चालणं सध्या बाजूला, कारण झोप सुधारल्याशिवाय ते जमत नाहीये आणि प्रत्येक हुकलेला दिवस ती स्वतःच्या नावावर मांडतेय. पुढे: ७ दिवसांची डायरी आणणार, फॅमिली डॉक्टरांना भेटून थकव्यासाठी तपासणी करून घेणार, रागाचा समज पुढच्या वेळी एका प्रसंगावरून उघडायचा."

दीडशे शब्दांच्या आतच आहे. लिहायला ७-८ मिनिटं लागतात. आणि बघा, ह्यात प्लॅन बदलला ते का बदलला हे लिहिलंय. माझ्या मते नोटमधलं सगळ्यात महागाचं वाक्य हे "कारण" वालं असतं आणि तेच सगळ्यात आधी गळतं. खुर्चीत येणाऱ्या माणसाला नाहीतर वाटेल की चालणं विसरूनच गेले वाटतं, आणि तो पहिल्याच सेशनला पुन्हा चालायला लावेल.

पाहिलं, ऐकलं, वाटलं: तिन्ही वेगळं ठेवा

"क्लायंट आक्रमक होती" हे पाहिलेलं नाहीये, हे आपलं मत आहे. पाहिलेलं काय, तर आवाज चढला, खुर्ची मागे ढकलली, दार उघडं ठेवून बाहेर गेली, ३ मिनिटांनी परत आली. मत लिहायचं नाही असं नाही, मतासाठीच तर आपण बसलोय, फक्त ते मत म्हणून लिहायचं आणि कशावरून ते शेजारी ठेवायचं.

माझी स्वतःची चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका नोटमधे मी "मॅनिप्युलेटिव्ह वाटते" असं लिहून ठेवलं होतं. दोनेक वर्षांनी त्या क्लायंटने स्वतःची फाइल मागितली, तिचा हक्कच होता, आणि माझ्यासमोर बसून वाचली. त्या शब्दावर थांबली. म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला तीनदा फोन केला होता ना, म्हणून?" हो, म्हणूनच. आणि तीन फोन झाले एवढंच लिहिलं असतं तर पुरलं असतं, उलट त्यातून जास्त कळलं असतं, कारण ते तीन फोन कशाच्या भीतीने आले होते ते मी त्या शब्दामुळे कधी विचारलंच नव्हतं. "ॲटेन्शन सीकिंग", "नॉन-कॉम्प्लायंट", "ड्रामॅटिक" हे सगळे त्याच जातीचे शब्द. लिहावासा वाटला की समजायचं, आज आपलंच डोकं तापलंय, प्रोसेस वही उघडा.

रिस्कची नोट

इथे हात आखडता घ्यायचा नाही. बाकी नोट ७ मिनिटांत होते, ही अर्धा तास घेते आणि घेऊ द्यायची.

"आत्महत्येचे विचार नाहीत" आणि "विचारलं, नाही म्हणाली" ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आपण तिच्या मनाची खात्री देतोय, दुसऱ्यात आपण जे घडलं ते लिहितोय. काय विचारलं तेही यावं: विचार येतात का, किती वेळा, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का, थांबवणाऱ्या गोष्टी कोणत्या. उत्तरं शक्यतो क्लायंटच्याच शब्दांत, अवतरणात. "झोपून उठूच नये असं वाटतं" ह्याचं भाषांतर करून "सौम्य विचार" असं लिहिलं की पुढच्या माणसाच्या हातात फक्त आपला शिक्का येतो, वाक्य हरवतं.

मग निर्णय. काय केलं, का केलं, आणि जे केलं नाही ते का नाही केलं. उदाहरणार्थ घरच्यांना कळवलं नाही, कारण अमुक, तिने स्वतः डॉक्टरांना फोन करायचं मान्य केलं आणि माझ्यासमोर केला. कोणाशी सल्लामसलत केली, किती वाजता. सुपरव्हायझरला केलेला ५ मिनिटांचा फोनसुद्धा लिहायचा. पुन्हा कधी तपासणार तेही.

जुन्या पद्धतीचं "मी जिवाचं बरंवाईट करणार नाही" असं लिहून घेणं सोडून द्या, त्याने जीव वाचतो ह्याला भरवशाचा पुरावा नाही, आणि सही घेतल्यावर आपणच सैलावतो. त्याऐवजी सेफ्टी प्लॅन. स्टॅन्ली आणि ब्राउन ह्या मानसशास्त्रज्ञांचा जो सगळीकडे वापरतात त्यात सहा गोष्टी आहेत: धोक्याच्या खुणा, एकट्याने करता येण्यासारखं काय, मन दुसरीकडे गुंतवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, प्रोफेशनल मदतीचे नंबर, आणि आजूबाजूची धोक्याची साधनं दूर करणं. तो क्लायंटबरोबर बसून, तिच्या शब्दांत भरायचा. एक प्रत तिच्याकडे, एक फाइलला.

आणि एक खड्डा जो मी दुसऱ्यांच्या फाइल्स बघताना सारखा बघते. पीएचक्यू-९ भरून घेतलेली असते, २७ पैकी एकूण स्कोअर नीट लिहिलेला असतो, ग्राफ पण असतो, आणि नवव्या प्रश्नाला, जो मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, क्लायंटने १ वर खूण केलेली असते आणि नोटमधे त्याबद्दल चकार शब्द नाही. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि बघायचंच नाही, ह्यापेक्षा तो कागद न दिलेला बरा. स्कोअर काढायच्या आधी शेवटचा प्रश्न बघायचा, आणि क्लायंट खोलीत असतानाच बघायचा, ती घरी गेल्यावर नाही.

काय गाळायचं

तिसऱ्या माणसांची नावं. क्लायंटच्या दिराचं अफेअर, बॉसचं आजारपण, मैत्रिणीचा गर्भपात, ह्या माणसांनी आपल्याला कुठलीही परवानगी दिलेली नाही. "कुटुंबातल्या एका व्यक्तीबद्दलचं गुपित कळल्याने ताण" एवढ्याने काम भागतं. लैंगिक तपशील, गुन्ह्याचे तपशील, हे उपचारासाठी जेवढं लागतं तेवढंच. मी स्वतःला विचारते, हे वाक्य काढलं तर पुढच्या माणसाचं काही अडेल का? नाही अडत, मग काढा. रिस्क आणि मुलांवरचा अत्याचार मात्र ह्या कात्रीखाली येत नाहीत, ते पूर्ण लिहायचं आणि कळवायचं बंधन असेल तिथे कळवल्याची नोंद वेळेसकट.

कपल थेरपी असेल तर फाइल कोणाची हे पहिल्या सेशनला कन्सेंटमधेच ठरवून घ्या, दोघांची एक की दोघांच्या दोन. नंतर ते वेगळे व्हायला निघाले की हा प्रश्न फार कडू होतो.

सेशनबाहेरचे मेसेज, ईमेल, फोन: एक ओळ, तारीख-वेळ, काय विचारलं, काय उत्तर दिलं. न आलेल्या सेशनची पण नोट हवी. ह्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही, फक्त करत जा.

चूक झाली तर

मूळ ओळ तशीच ठेवायची, खाली आजची तारीख टाकून दुरुस्ती लिहायची आणि का ते लिहायचं. उशिरा लिहिली तर "उशिरा लिहिलेली नोंद" असं वरच टाका, लाज वाटायचं कारण नाही. काही तक्रार आली, क्लायंटचं काही बरंवाईट झालं, की हात सगळ्यात आधी जुन्या नोट "नीट" करायला जातो. तिथे हात बांधून ठेवा. कॅलिफोर्नियातली तारासॉफ केस आपण सगळे क्लायंटपासून दुसऱ्याला असलेल्या धोक्यासाठी शिकतो, १९७६ चा निकाल वगैरे, पण त्यातली एक गोष्ट वर्गात क्वचितच येते: थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना पत्र लिहून सावध केलं होतं, आणि नंतर त्याच्या वरिष्ठांनी ते पत्र परत मागवलं आणि पत्राच्या प्रती आणि थेरपीच्या नोट्स नष्ट करायला सांगितल्या. त्यानंतर जिला त्या क्लायंटपासून धोका होता ती मुलगी, तारासॉफ, त्याच्याच हातून मारली गेली. म्हणजे सावध करणारा कागद होता, तोच घालवायला सांगितला गेला.

एआयने नोट्स

आता सेशन ऐकून नोट बनवणारी टूल्स आलीयेत आणि मोह होतो, मला पण झाला. वापरायचं तर वेगळा लेखी कन्सेंट घ्या, जनरल फॉर्ममधे घुसडलेला नको, आणि क्लायंट नाही म्हणाला तर त्याच्या थेरपीत काही फरक पडणार नाही हे तोंडाने सांगा. ऑडिओ कुठे साठतो, किती दिवस, ट्रेनिंगला वापरतात का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आणि प्रत्येक ओळ वाचा, कारण ही टूल्स न बोललेलं वाक्य अगदी सफाईने लिहितात, आणि जे न बोलता झालं, ती विषय बदलण्याची जागा, ते त्यांना बहुतेक दिसतच नाही. सही आपली असते.

कुठे ठेवायचं

फिनलंडमधलं वास्तामो प्रकरण प्रत्येक थेरपिस्टने एकदा वाचावं. मोठी सायकोथेरपी कंपनी, सर्व्हरचं रक्षण ढिसाळ, हॅकरने हजारो पेशंट्सच्या नोट्स पळवल्या, आणि २०२० मधे कंपनीने पैसे दिले नाहीत म्हणून थेट पेशंट्सना ईमेल करून खंडणी मागितली, नाहीतर तुमच्या थेरपीतलं बोलणं इंटरनेटवर टाकतो. काहींचं टाकलं पण. कंपनी पुढच्या वर्षी दिवाळखोरीत गेली, हॅकरला २०२४ मधे सहा वर्षांच्या वर शिक्षा झाली. पण जे बाहेर गेलं ते गेलं.

आपण एकट्याने प्रॅक्टिस करत असलो तरी एवढं तर होतं: लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करणं (सेटिंगमधे असतं, अर्ध्या तासाचं काम), लॉगिनला दोन टप्पे, घरच्यांच्या आणि कामाच्या अकाउंटची फारकत, फाइलच्या नावात क्लायंटचं नाव न टाकता नंबर आणि नंबरांची यादी दुसरीकडे. बॅकअप पण एन्क्रिप्टेड, आणि तो उघडतो का ते खरंच उघडून बघायचं. चॅट ॲपवरून सुपरव्हायझरला नोटचा फोटो पाठवणं बंद. कागदाची वही असेल तर कुलूप, आणि किल्ली त्याच टेबलाच्या खणात ठेवायची नाही, हे मी कोणाकडे तरी बघितलंय म्हणून सांगतेय, कोण ते विचारू नका.

फाइल मागायला कोणी आलं तर

क्लायंटने मागितली तर घाबरून टाळाटाळ नको. एक भेट ठेवा, सोबत बसून वाचा, तांत्रिक शब्द समजावून सांगा.

वकिलाचं पत्र आलं की मात्र लगेच फाइल स्कॅन करून पाठवायची नसते, आणि गप्पही बसायचं नसतं. तो नुसता विनंतीचा कागद आहे का कोर्टाचा आदेश आहे हे आधी ओळखा, क्लायंटला कळवा, त्याची लेखी परवानगी आहे का बघा, स्वतःच्या वकिलाशी किंवा संघटनेशी बोला, आणि द्यावंच लागलं तर मागितलंय तेवढंच. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मधे जाफी विरुद्ध रेडमंड केसमधे थेरपीतलं बोलणं गोपनीय राहण्याचा हक्क मान्य केला, आणि ती केस उभी राहिली कारण खालच्या कोर्टाने सांगूनही थेरपिस्ट आणि क्लायंटने नोट्स दिल्या नव्हत्या. सगळ्यांनी तसंच करावं असं मी म्हणत नाही, पण कागद आला म्हणजे खेळ संपला असं नसतं. आणि पत्र आल्याची, आपण काय केलं त्याची, नोट. अर्थातच.

किती वर्षं, आणि आपण नसलो तर

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांमधे, दुसरा कायदा लागू नसेल तर, मोठ्यांसाठी शेवटच्या सेवेनंतर ७ वर्षं असं आहे आणि लहान मुलांसाठी ती सज्ञान झाल्यावर ३ वर्षं, ह्यातलं जे नंतर येईल ते. आपल्याकडचा नियम वेगळा असेल तर तो. मुदत संपली की नष्ट करायचं, आणि कुठली फाइल कधी नष्ट केली त्याची यादी ठेवायची.

शेवटची पायरी बहुतेक जण करतच नाहीत, मैत्रिणीने पण केली नव्हती. एक बंद पाकीट, विश्वासातल्या एका सहकाऱ्याकडे, ज्याने आधी "हो" म्हटलंय. त्यात आत्ता चालू असलेल्या क्लायंट्सची यादी कुठे सापडेल, लॅपटॉप कसा उघडायचा, कोणाला आधी फोन करायचा (ज्यांची रिस्क आहे ते सगळ्यात वर), फोनवर काय सांगायचं त्याची दोन वाक्यं, आणि फाइल्स कोणाकडे द्यायच्या. क्लायंटना हे पहिल्या कन्सेंटमधेच सांगून ठेवायचं, की मला काही झालं तर अमुक व्यक्ती तुम्हाला फोन करेल.

वर्षातून दोनदा ते पाकीट मागवून बघते. मागच्या वेळी त्यातला पासवर्ड आठ महिन्यांपूर्वीचा निघाला आणि यादीत सगळ्यात वर जिचं नाव होतं तिची थेरपी कधीच पूर्ण झाली होती. पाकीट सध्या माझ्या त्या मैत्रिणीकडे असतं, आणि तिचं माझ्याकडे.